दर तासाला एकदा

"सासूबाई तुम्हीच ना?"

मी मान वर केली. दारात नवे डॉक्टर, केसांतून पावसाचं पाणी ओघळतंय, हातात फॉर्म... मी इथलं सीटी मशीन चालवते; लहान मुलाचा स्कॅन म्हटलं की चार प्रश्न विचारतेच, म्हणून तातडीच्या विभागानं मला हे नाव बहाल केलंय. पण तोंडावर? काय हिंमत बाई!

"सात वर्षांची मुलगी, सायकलवरून पडलीय. हँडल पोटात लागलं. पोटाचा स्कॅन हवाय."

"पोट दुखतंय? उलटी? वळ?"

"नाही... काहीच नाही. सोनोग्राफीही ठीक आली."

"मग एवढ्याशा जिवाला ते किरण कशाला?"

"आत रक्तस्राव होत असला तर?" त्यांचा आवाज कापला. "माझ्या हातून सुटलं तर..."

माझा सगळा तोरा उतरला. खरं सांगू? मी तिथेच पाघळले.

"मोठ्या डॉक्टरांना विचारा ना," मी फोन पुढे केला.

मोठे डॉक्टर म्हणाले, दाखल करा, दर तासाला पोट तपासा. जरा काही वेगळं वाटलं, तर लगेच स्कॅन.

माझी ड्यूटी दुपारी दोनला संपली. मी हलले नाही. मशीनचं काम आहे म्हणून थांबलेय, असं सगळ्यांना सांगितलं.

तीनला ते खाली आले. "पोट मऊ आहे."

चारला पुन्हा. "मऊच आहे."

"हे फोनवर सांगता येतं, डॉक्टर."

"येतं की. पण फोनवर तुमच्या कपाळावरची आठी दिसत नाही."

मेलं हसूच फुटलं!

पाचला मात्र ते आलेच नाहीत. पाच दहा... सव्वापाच... जिन्यात धावती पावलं वाजली. मी टेबलावरची चादर सरळ करायला घेतली.

"भूक लागलीय तिला!" ते धापा टाकत म्हणाले. "बिस्किटांचा अख्खा पुडा मागतेय! उद्यापर्यंत लक्ष ठेवू, पण... पोरगी बरी आहे."

मी मटकन खुर्चीत बसले. डोळे भरूनच आले. ते समोरच्या स्टुलावर टेकले.

"छान पद्धत आहे ही. दर तासाला बघायचं, मग ठरवायचं."

"मग?"

"तीनदा बघून झालं. माझं ठरलंय... तुमचं?"

कान असे तापले म्हणता!

"आधी मला सासूबाई म्हणणं बंद करा," मी चादरीकडे बघत म्हणाले. "तो मान तुमच्या आईंचा."