सहा डेस्कटॉप की तीन लॅपटॉप?

“लॅपटॉप घेऊ नका, मॅडम. मागून रडाल.”

आवाज आला तो काउंटरच्या खालून. उस्मानपुऱ्यातल्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी तीन लॅपटॉपचं कोटेशन मागायला उभी होते. मार्चमधलं दुपारचं ऊन पाठ भाजत होतं, मालक आत फोनवर होते आणि सल्ला देणारं कुणी दिसतच नव्हतं. मग काउंटरमागून एक डोकं वर आलं. केसांवर धूळ, दातांत एक बारीकसा स्क्रू, आणि डोळे… डोळ्यांचं नंतर सांगते. तेव्हा मला फक्त राग आला होता.

“तुम्हाला विचारलं का मी?”

“नाय विचारलं.” त्यानं स्क्रू दातांतून काढला. “म्हणून तर फुकट सांगितलं.”

मी अमृता. बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि बोलण्यात मला हरवणारं माणूस आमच्या गल्लीनं अजून पाहिलेलं नव्हतं. पर्स काउंटरवर ठेवली आणि मी चांगली पंधरा मिनिटं भांडले. लॅपटॉप कुठंही नेता येतो, लाईट गेली तरी चालतो, प्रोजेक्ट दाखवायला कॉलेजात नेता येतो. तो शांतपणे एका उघड्या डब्यातली धूळ ब्रशनं झटकत राहिला. शेवटी म्हणाला, की हा डेस्कटॉप नऊ वर्षांचा आहे, मागच्या वर्षी त्याची रॅम बदलली, आज पॉवर सप्लाय बदलतोय, अजून चार वर्षं तो काही मरत नाही. आणि शेल्फवरचे ते पाच लॅपटॉप दोन-तीन वर्षांतच दुरुस्तीला आलेत, पार्ट मिळत नाहीत म्हणून पडून आहेत. कोटेशन न घेताच मी तिथून निघाले. घर आलं तरी मनातल्या मनात माझा त्याच्याशी वाद चालूच होता.

लॅपटॉप कशासाठी हवे होते, ते सांगते. आमच्या गल्लीतल्या विहाराला लागून एक अभ्यासिका आहे. यंदा समितीनं ठरवलं, की जयंतीला डीजे लावायचा नाही, ते पैसे अभ्यासिकेत येणाऱ्या कॉलेजच्या पोरापोरींच्या कॉम्प्युटरला घालायचे. टाळ्या वाजवून सगळ्यांनी मान्य केलं. अडलं ते पुढं. तेवढ्या पैशांत सहा डेस्कटॉप येत होते, नाहीतर तीन लॅपटॉप. माझं मत पक्कं होतं. मुलींना आठला घरी जावं लागतं, मुलं पुढंही बसतात. म्हणजे डेस्कटॉप आणले की आठनंतर ते मुलांचेच. लॅपटॉप मुलींना आळीपाळीनं घरी तरी नेता येतील.

रविवारी वंदना झाली आणि सतरंजीवरच बैठक बसली. समितीचे अध्यक्ष मोतीराम काका एसटीतून रिटायर झालेले, त्यामुळे प्रत्येक गोष्ट वेळेवर सुरू करतात. ते म्हणाले, ह्यातलं कळणारा एक पोरगा बोलावलाय. दारातून आला तो दुकानातला. केस ओले करून नीट विंचरलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट. बुद्धभूषण, करमाडचा, इथं खोली करून एम.सी.ए. शिकतो आणि अर्धा दिवस दुकानात काम करतो, अशी ओळख झाली. त्यानं सगळ्यांना जयभीम घातला, माझ्याकडं बघितलं आणि ओठ दाबून हसू आवरलं. मला ते दिसलं.

मग काय, दुकानातलं भांडण तिथं पुन्हा पहिल्यापासून. समिती या तोंडाकडं बघते, त्या तोंडाकडं बघते. शेवटी महिला मंडळाच्या पारूबाईंनी हात वर केला.

“तुम्ही दोघं छान भांडता. पण ज्यांला वापरायचंय, त्यांला कुणी विचारलं का?”

कुणीच विचारलं नव्हतं. काकांनी लगेच निकाल दिला. पंधरा दिवसांत आम्ही दोघांनी अभ्यासिकेत येणाऱ्या सगळ्यांच्या घरी जायचं, विचारायचं, आणि पंधरवड्यानं रविवारी आपापली बाजू मांडायची. मग हात वर करून मतदान. दोघांनी सोबत कशाला, असं मी विचारलं. काका म्हणाले, एकटा माणूस आपल्याला पाहिजे तेवढंच ऐकून येतो.

अशी मी त्याच्या स्कूटीच्या मागं बसले. आमच्या दोघांच्या मधे माझी सॅक, सॅकमधे वही, वहीत सत्तावीस नावं. पहिल्या दिवशी आम्ही फक्त रस्त्याबद्दल बोललो. दुसऱ्या दिवशी त्यानं मला “कडक बोलता तुम्ही” म्हटलं, तिसऱ्या दिवशी मी त्याला “तुम्हाला बोलताच येत नाही” म्हटलं, आणि चौथ्या दिवशी मी हिरवा कुर्ता दोनदा इस्त्री केला. आईनं विचारलं, सर्व्हेला चाललीस ना गं?

संध्याच्या घरी गेलो तो दिवस मला आठवतो. संध्या बी.कॉम.ला. एकच खोली, पाच माणसं, शिलाई मशीन, आणि उरलेल्या जागेत आम्ही दोघं पाय दुमडून बसलेलो. तिनं सोळा पानांचं असाइनमेंट मोबाईलवर टाइप केलेलं दाखवलं. अंगठा सुजला होता, असं ती हसत हसत सांगत होती. अभ्यासिकेत काहून येत नाही जास्त वेळ, असं बुद्धभूषणनं विचारलं. ती म्हणाली, सहाला आई कामावरून दमून येते, मग स्वयंपाक माझा, मला वेळ मिळतो तो नऊनंतर. तो खोलीच्या चार भिंतींकडं बघत राहिला. टेबल कुठं मावतं का, हे तो डोळ्यांनी मोजत होता, आणि ते कुठंच मावत नव्हतं.

परत येताना आम्ही रसवंतीवर थांबलो. चरकाची घुंगरं छमछम वाजत होती, ग्लासात बर्फ होता, आणि हा रस हातात धरून गप्प.

“जिंकले ना मी?” मी त्याला चिडवलं.

“माहीत नाय,” तो म्हणाला. पण ‘नाही’ म्हणाला नाही, हे माझ्या लक्षात आलं.

माझी जिरली ती सुरेखाच्या घरी. सुरेखा पॉलिटेक्निकला. मामानं तिला लॅपटॉप घेऊन दिलेला. मी मोठ्या उत्साहानं विचारलं, किती उपयोग होतो गं? ती म्हणाली, “सकाळी भाऊ घेऊन जातो. दुपारी चुलतभाऊ पिक्चर बघतो. माझ्या हातात येतो तेव्हा चार्जिंग संपलेली राहती, ताई. अभ्यासिकेत माझ्या नावाची खुर्ची असली ना, तिथून मला कोण उठवणार?”

मी वहीत काहीच लिहू शकले नाही. इतके दिवस मी मुलींसाठी म्हणून भांडत होते आणि घरात गेलेली वस्तू कुणाची होते, हा साधा विचार मला सुचला नव्हता. लाज वाटली. बुद्धभूषणनं जिंकल्यासारखं तोंडही केलं नाही. उलट जिना उतरताना म्हणाला, “चला, तुम्हाला डेस्कटॉप उघडून दाखवतो. भांडायचंच तर आतलं बघून भांडा.”

दुकानात कूलरचा वाळ्याचा वास होता. त्यानं डबा उघडला, माझ्या हातात रॅमची पट्टी दिली आणि म्हणाला, दोन्ही अंगठ्यांनी एकदम दाबा. मी घाबरत घाबरत दाबलं. बसेना. त्यानं हात पुढं केला, मग मधेच थांबवला…

“दाबू का?”

“दाबा.”

त्याचे अंगठे माझ्या अंगठ्यांवर आले. टक् असा आवाज झाला, पट्टी बसली. हात मात्र कुणीच लवकर काढला नाही. तेव्हा मी पहिल्यांदा त्याचे डोळे जवळून पाहिले. काळे नव्हते, गडद तपकिरी होते, आणि त्यांत इतकं काही होतं, की माझ्यासारख्या बोलकीला एक शब्द सुचला नाही. घरी येईपर्यंत मी मान्य करून टाकलं. मला तो आवडत होता. वाद घालण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं.

शुक्रवारी सत्ताविसावं घर झालं. त्यानं स्कूटी आमच्या कोपऱ्यावर थांबवली.

“रविवारी संपलं मग,” तो म्हणाला.

“हो ना…”

एवढंच. मी त्याच्या पुढच्या वाक्याची वाट बघत उभी राहिले. त्या बटणावर चालू होणाऱ्या गाडीला तो उगाच चारदा किक मारत बसला आणि मग गेला. माझा जीव रडकुंडीला आला. रविवारनंतर भेटायला काही निमित्तच उरणार नव्हतं. त्यात माझ्या वहीतलं खरं मला बाजू बदलायला सांगत होतं. मी डेस्कटॉपच्या बाजूनं बोलले, तर सगळी गल्ली म्हणणार, पोरीनं त्या पोरासाठी माघार घेतली. आणि त्यालाही तसंच वाटलं तर?

रविवारी काकांनी आधी मलाच उभं केलं. मी सुरेखाचं नाव न घेता तिची गोष्ट सांगितली. मी म्हणाले, माझं चुकत होतं. घरी गेलेला लॅपटॉप मुलीचा राहीलच असं नाही. सहा डेस्कटॉप आणा, फक्त चार ते आठ त्यांवर मुलींची नावं लिहा, त्या वेळात त्यांना कुणी उठवायचं नाही. बोलून बसले, तर खाली बघणारा बुद्धभूषण मान वर करून माझ्याकडं बघत होता, एकदम गोंधळून.

तो उभा राहिला. दोनदा घसा खाकरला.

“मी… मी लॅपटॉप घ्या म्हणायला आलोय.”

तो अडखळत बोलला, पण मनापासून बोलला. डेस्कटॉप टिकतो हे खरं, पण ज्या घरात टेबल मावत नाही, ज्या पोरीला नऊनंतरच वेळ मिळतो, तिला त्या टिकण्याचा काय उपयोग? तिच्या मांडीवर मावंल असंच काहीतरी पाहिजे. हे मला अमृता मॅडमनी दाखवलं, असंही तो म्हणाला.

पारूबाई आधी हसल्या. मग डोळ्यांना पदर लावून हसल्या.

“हात कशावर वर करायचे, बाई? ह्यांनी तर एकमेकांची मतं घेऊन टाकली. अजून काय काय घेतलं, ते ह्यांलाच ठावं.”

सगळी बैठक हसली. माझे कान तापले. काकांनी घड्याळात बघितलं, एक कोरा कागद माझ्या हातात दिला आणि दहा मिनिटांत दोघांनी मिळून एकच यादी करून आणायला सांगितलं.

आम्ही बाहेर पायरीवर बसलो. दोन डेस्कटॉप, दोन लॅपटॉप. डेस्कटॉपवर चार ते आठ मुलींच्या नावाची खुर्ची, आणि लॅपटॉप ज्यांच्याकडं जागा नाही त्या मुलींनी घरी न्यायचे. न्यायला-आणायला पारूबाईंच्या मंडळाचं लक्ष, म्हणजे भाऊही हात लावायचा नाही. एका मिनिटात ठरलं. पंधरा दिवसांचं भांडण मिटलं आणि उरलेल्या नऊ मिनिटांचं काय करायचं, ते दोघांनाही कळेना.

“उद्या… उद्या तुम्ही कुठं असाल?” त्यानं विचारलं.

“कॉलेजात. का?”

“नाय, सोमवार आहे म्हणून.”

“बुद्धभूषण, आत सगळ्यांसमोर बोललात तसं एकदा सरळ बोला ना.”

तो माझ्याकडं वळला. “तुम्ही लई आवडता मला. सत्तावीस घरांत गेलो, प्रत्येक घरात तुमच्याकडंच बघत बसलो. आता तुमचं मत सांगा. विचार करायचा असला तर करा.”

“नाही करायचा.” मी हातातला कागद खाली ठेवला. “मलाही तुम्ही आवडता. लॅपटॉपवर मी बाजू बदलली. ह्यावर सगळी समिती माझ्याविरुद्ध हात वर करून बसली, तरी बदलणार नाही.”

तो नुसता हसला, आणि आमच्या मधे ठेवलेली सॅक उचलून पलीकडं ठेवली.

आतून काकांची हाक आली, झाली का यादी? झाली, असं आम्ही दोघं एकदमच म्हणालो. उठून कागद बघितला, तर त्यावर एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं.