मोहाच्या झाडाला कोणाला बांधलंय?

"सोडा माह्या दादाले! त्यानं काई नाई केलं!" सुकरी जीव तोडून ओरडत होती.

पण विड्यांसाठी तेंदूपानं विकत घेणारा मॅनेजर ऐकेल तर शपथ! सुकरीच्या भावाला, झिंगूला, त्यानं मोहाच्या झाडाला बांधलं होतं.

"जीपमधला मोबाइल यानंच पळवला. लाल सदरा! चेहराही नीट पाहिलाय मी. आता पोलीसच आणतो!" असं म्हणून तो जीप उडवत निघून गेला.

नूतन संतापली. ती चंद्रपूरहून मामाकडे सुट्टीला आली होती. झिंगू सकाळपासून तिच्या आणि सुकरीबरोबर नदीवर मासे धरत होता! पण पोरांचं ऐकतंय कोण? मामासुद्धा "मोठ्यांच्या भानगडीत पडू नको," म्हणून गप्प बसला होता.

"मले एक आयडिया सुचली!" नूतन म्हणाली. "याच्या जागी लालसूले बांधू!"

शेजारीच उभा असलेला लालसू हा झिंगूचा दोस्त, त्याच्याहून वीतभर उंच, कपाळावर भली मोठी खोक.

"ओळखलं तर?" नूतनलाच धास्ती वाटली.

"नाई ओळखत. तो सदराच पाहते," सुकरी कडवट हसली. "तू बी पयले दोन दिवस लालसूले झिंगू म्हणत होती ना!"

नूतनचे कान गरम झाले. आता रोज खेळून तिला दोघं पाठमोरेही ओळखू यायचे.

लालसू लगेच तयार झाला. झटपट दोरी सोडली, सदरे बदलले. लालसू झाडाला, अन् झिंगू नूतनशेजारी!

मॅनेजर हवालदाराला घेऊन आला. "हाच तो! हा चेहरा जन्मात विसरणार नाही!"

जमलेली माणसं खो-खो हसली.

"साहेब, तो लालसू हाय!" नूतन ओरडली. "तुमचा चोर तर हा माह्या बाजूले उभा हाय!"

हवालदारानं कपाळावर हात मारला आणि मॅनेजरच्या नंबरावर फोन लावला. रिंग वाजली ती पानांच्या ढिगातून! सकाळी मॅनेजर पानांचे पुडके तपासायला वाकला, तेव्हा त्याच्याच खिशातून मोबाइल पडला होता.

"शाब्बास पोरींनो! डोकं लावलं!" हवालदार म्हणाला.

मॅनेजर ओशाळून हसला. त्यानं लाल सदऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "झालं गेलं विसर हां, झिंगू!"

सदऱ्यात अजून लालसूच होता. झिंगू बाजूला उभा राहून दोरीचे वळ चोळत होता. नूतनला शाबासकीचा आनंदच होईना.

"आमाले बी सारे साहेब सारखेच दिसतात," सुकरी हळूच म्हणाली. "पण आमी कोणाले झाडाले नाई बांधलं."