दमलेल्या पायांतलं आम्ल

कर्करोगाचं इंजेक्शन घेऊन कुणी बॅडमिंटन खेळायला जातं, असं पूर्वी सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. सांगलीचे दत्ताराम भोगटे मात्र दर सोमवारी घरीच इंजेक्शन टोचून घेत, पोहे खात आणि रॅकेट उचलत. केस शाबूत, भूक शाबूत, जीभ तर पहिल्यापेक्षा तिखट.

किमया होती स्निग्ध रेणूंच्या अतिसूक्ष्म पिशव्यांची. जहाल औषध त्यांत बंद करून रक्तात सोडायचं. कर्करोगाची गाठ आपल्याभोवती किंचित आम्लता निर्माण करते. तिथं पोचलं की पिशवीचं पटल फाटतं आणि औषध नेमकं गाठीवर सांडतं. पटल किती आम्लतेला फाटेल, हे संगणकावरच्या आभासी प्रयोगातून ठरवलं होतं भोगट्यांच्या लेकीनं, शाल्मलीनं. वडील ते अख्ख्या गल्लीला ऐकवत.

त्या सोमवारी प्रयोगशाळेत शाल्मली तोच प्रयोग नव्या, जास्त ताकदीच्या संगणकावर चालवत होती. जुन्या यंत्राला झेपावं म्हणून पटलातल्या कुठल्या रेणूला प्रोटॉन, म्हणजे आम्लतेचा कण, चिकटलाय हे आधीच ठरवून टाकत. मग ते शेवटपर्यंत बदलत नसे. सगळेच तसं करायचे. नव्या यंत्रात प्रोटॉन खरोखरीसारखे चिकटत होते, सुटत होते.

"कुलदीप, हे बघ," तिनं सहकाऱ्याला हाक मारली. "एका रेणूनं प्रोटॉन घेतला की शेजारचेही पटापट घेतायत. पटल फाटतंय!"

"फाटायलाच हवं ना? गाठीपाशी."

"अरे, ही गाठीची आम्लता नाही. त्याहून बरीच सौम्य आहे."

"मग एवढी आम्लता शरीरात दुसरीकडे असते कुठे?"

शाल्मली ताडकन उठली. "दमलेल्या स्नायूंत."

औषधाच्या चाचण्या झाल्या तेव्हा रुग्ण खाटेवर होते. दमणार कोण?

तिनं बाबांना फोन लावला. उचलला त्यांच्या बॅडमिंटनच्या जोडीदारानं, पेंढारकरकाकांनी. "अगं, तुलाच करणार होतो. दत्ता खेळ सोडून बसलाय. मांड्या दगड झाल्यात म्हणतो. लघवीसुद्धा काळ्या चहासारखी झालीय."

"काका, त्यांना एक पाऊलही चालू देऊ नका! उचलून गाडीत घाला. मी दवाखान्यात पोचतेच."

बाबांना सलाइन लागलं. "स्नायू फुटून रक्तात उतरलेत. पण वेळेवर आणलंत, मूत्रपिंडं वाचतील," डॉक्टर म्हणाले, तेव्हा शाल्मलीला रडू फुटलं. आपणच बापाच्या पायांत विष फोडलं, एवढंच तिला कळत होतं.

"रडतेस काय? जिंकत होतो मी," बाबा कण्हत म्हणाले.

औषध ताबडतोब थांबवा, हे सांगायला तिनं औषध बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. नुसतीच घंटी वाजत होती. तेवढ्यात दारातून स्ट्रेचर आलं. त्यावर कॉलेजातली एक मुलगी, पायांत धावायचे बूट, मांड्या आवळून किंचाळत होती. मागून तिची आई आली. तिच्या हातात बाबांच्याच इंजेक्शनचं खोकं होतं.

शाल्मलीच्या गळ्यातलं प्रयोगशाळेचं ओळखपत्र पाहून ती बाई तिच्यासमोरच थांबली.

"तुम्ही इथल्याच ना, मॅडम? डॉक्टरांनीच सांगितलं होतं, पोरगी बरी झाली, आता खुशाल पळू दे. मी पळू दिलं. माझं काही चुकलं का हो?"