दिवा काजळला

सौंसरच्या चौकात एक काळा फलक होता. गावात कोणी वारलं, की नाव, वय आणि अंत्ययात्रेची वेळ त्यावर खडूनं लिहायची, आणि हे काम मोरेश्वर गुरुजींचं. शाळेतून निवृत्त झाले तरी त्यांच्या हातातला खडू काही सुटला नव्हता. अक्षर मोत्यासारखं होतं, पण अक्षरापेक्षा त्यांना आपल्या शब्दांची घमेंड जास्त. 'निधन झाले' हे कारकुनाचं मराठी, असं ते म्हणत.

त्र्याऐंशी सालच्या थंडीत संत्र्यांचे व्यापारी पुंडलिकराव वारले. गुरुजी नेहमीप्रमाणे ओलं फडकं घेऊन चौकात गेले. दिवा विझला असं आपल्याकडे कोणी तोंडानंसुद्धा म्हणत नाही. त्यांना आईच्या तोंडचा एक जुना शब्द आठवला. काच काळी झाली, की ती म्हणायची, कंदील काजळला. आत ज्योत जिवंत, बाहेर उजेड मंद. हा शब्द आता कोणी लिहीत नाही, म्हणून तर त्यांना तो फार आवडला. त्यांनी लिहिलं, 'पुंडलिकरावांच्या घरचा दिवा काजळला.' मागे सरकून एकदा डोळे भरून पाहिलं आणि स्वतःवरच खूश होऊन चहा प्यायला गेले.

तेरावं उरकल्यावर पुंडलिकरावांची लेक स्मिता त्यांच्या दारात उभी राहिली. पांढुर्ण्याच्या शाळेत शिकवणारी, शिकलीसवरली पोरगी, पण तिचा आवाज पार बसला होता. वडील जिथे गेले तिथे पीठ पसरून ठेवलेला दिवा दहाव्याला शांत व्हायला हवा होता. तो होत नव्हता. वात नवी घातली तरी उजेड मळकाच, आणि तेल आटलं तरी ज्योत तेवढीच. आई, कलाबाई, त्याच्यापुढून उठत नव्हत्या. जेवण सोडलं होतं त्यांनी.

"अशीच बसली तर आईही जाईन, गुरुजी," स्मिता म्हणाली. "तुम्ही फलकावर साधं लिहा ना... बाबा गेले म्हणून."

गुरुजींना राग आला. शब्दानं कधी दिवे अडतात होय? पण पुंडलिकरावांनंतर गावात कोणी वारलंच नव्हतं, फलक तसाच होता, हेही त्यांना ठाऊक होतं. दिवेलागणीला ते तिच्याबरोबर निघाले.

घरात मोठा बल्ब जळत होता. पण आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी त्याचा उजेड थांबत होता, पुढे जातच नव्हता. आत करपलेल्या वातीचा वास, आणि त्यात मिसळलेला संत्र्याच्या सालीचा. कोपऱ्यात पणती होती, तिच्यापुढे कलाबाई. पलीकडच्या अंधाराकडे बघत त्या हळूहळू मान डोलावत होत्या. गुरुजी कान देऊन उभे राहिले. आधी काहीच नाही. मग पुंडलिकरावांचा तो ओळखीचा खाकरा... अगदी जवळून. गुरुजींच्या अंगावर सरसरून काटा आला.

"फलकावरचं नका पुसू, गुरुजी," कलाबाई मागे न वळता म्हणाल्या. "उभ्या जन्मात माह्याशी धड दोन शब्द नाही बोलले. आता कुठं बोलून राहिले..."

गुरुजींना त्यांची फार दया आली. आजवर गुरुजींचा शब्द इतक्या मायेनं कोणी जपला नव्हता. पण कलाबाईंच्या हातांच्या काड्या झाल्या होत्या, आणि दारात स्मिता ओठ दाबून रडत होती. ते तसेच चौकात गेले. सगळं पुसलं आणि लिहिलं, 'पुंडलिकराव यांचे निधन झाले.' जन्मात पहिल्यांदा त्यांचं अक्षर वाकडं आलं.

सकाळी स्मिता पुन्हा आली, तेव्हा गुरुजी ओट्यावर बसले होते. दिवा रात्री एकदम लख्ख झाला आणि आपोआप शांत झाला, असं तिनं सांगितलं. आई खूप रडली, मग अर्धी भाकर खाल्ली. गुरुजींचा जीव भांड्यात पडला. स्मिता मात्र जायचं नाव घेईना.

"बाबा जाता जाता एक विचारून गेले म्हणते आई..."

"काय?"

"गुरुजी सगळ्यायचं लिहून राहिले. मग त्यायचं कोण लिहीन?"

उत्तर द्यायला गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. अंगणभर ऊन पडलं होतं, तरी तिचा चेहरा त्यांना नीट दिसेना. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा लावला.

काचा स्वच्छच होत्या.