सत्तावीस फुलांचा सापळा

तो पहिल्यांदा दुकानात आला तो ऊन चुकवायला, आणि माझा संशय तिथंच सुरू झाला. ऊन चुकवायला आलेला माणूस पंख्याखाली बसतो की! हा भिंतीवर लटकवलेल्या चादरीपुढं उभा राहून, ओठ हलवत फुलं मोजत होता.

साल चौऱ्याहत्तर. सात रस्त्याजवळ आमचं चादरींचं दुकान. आदल्या वर्षी आमचं मोराचं डिझाइन गड्ड्याच्या यात्रेआधीच कुणीतरी चोरलं, नि सगळा हंगाम बुडाला. डिझाइनं मी काढायची, हे माझे वडील अण्णा सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. अण्णांनी बजावलं होतं, "दानम्मा, यंदाचंही चोरीला गेलं तर तुझी पेन्सिल बंद." मग असा मोजणारा दिसल्यावर माझं डोकं फिरणार नाही तर काय?

"काय हवंय?"

"हे डिझाइन कुणी केलं?"

चोर अगदी हेच विचारणार!

"धोंडप्पाकाकांनी," मी ठोकून दिलं. असा कुणी काका नव्हताच. "म्हातारे आहेत. गुडघे धरलेत. कुणाला भेटत नाहीत."

"मग त्यांना सांगा... कोपऱ्यात सहा फुलं, काठाला अठ्ठावीस. दोन्ही परिपूर्ण संख्या! सहाला एक, दोन आणि तीननं भाग जातो, आणि त्यांची बेरीज पुन्हा सहाच. अठ्ठावीसचंही तसंच. अशा संख्या लई दुर्मिळ. आणि मधली फुलं छत्तीस — सहा ओळी, ओळीत सहा. पूर्ण वर्ग. काकांना गणित येतं!"

काकांना कसलं गणित येतंय! डोळ्यांना बरं दिसलं तसं काढलं होतं.

त्याचं नाव सोमलिंग. अक्कलकोटचा, इथं शाळेत गणित शिकवतो, असं तोच म्हणायचा. दर शनिवारी हजर. काकांना निरोप ठेवायचा, पुढच्या शनिवारी मी काकांचं उत्तर द्यायची. एकदा तर काकांसाठी त्याच्या आईनं केलेलं गुडघ्याचं तेल घेऊन आला. हसला की मी पाच चादरी गुंडाळायच्या तिथं चारच गुंडाळायची... आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटायची.

गड्ड्याची यात्रा जवळ आली तसा मी सापळा लावला. चौकटींच्या कागदावर खोटंच डिझाइन काढलं. काठाला मुद्दाम एक फूल कमी, म्हणजे चोरी झाली तर खूण पटेल. तो आल्यावर कागद उघडा टाकला आणि पाणी आणते म्हणून पडद्यामागं जाऊन उभी राहिले.

त्यानं कागदाला हातसुद्धा लावला नाही. वाकून मोजलं... पुन्हा मोजलं... आणि त्याचं तोंड एवढंसं झालं.

"दानम्मा! काका आजारी आहेत का? खरं सांगा."

"का हो?" मी बाहेर आले.

"हे सत्तावीस आहेत. ना परिपूर्ण, ना वर्ग. काका सत्तावीस काढणार नाहीत. मला न्या त्यांच्याकडे — आत्ता. माझं एक काम होतं."

चोर असता तर गुपचूप उतरवून घेतलं असतं. तरी मी सोडलं नाही. "कसलं काम?"

"तुम्हाला नाही सांगता येणार."

"मग काकाही नाही भेटणार."

तो कानापर्यंत लाल झाला. "काका घरातले मोठे. वाटलं, तुमच्याबद्दल अण्णांकडे तेच शब्द टाकतील..."

अगं बाई!

"काका नाहीत," मी म्हणाले. "कधीच नव्हते. ती फुलं माझी आहेत. सगळी."

"आणि... तेल?"

"अण्णांच्या गुडघ्यांना. लई गुण आला."

तो खळखळून हसला, आणि हसता हसताच थांबला. "म्हणजे शब्द टाकायला कुणीच नाही."

बाहेर टांगेवाल्यांची भांडणं चालली होती. मी पेन्सिल उचलली आणि राहिलेलं फूल काढलं.

"काका म्हणतात," मान वर न करता मी म्हणाले, "आज जेवताना अण्णांशी बोलतो."