काळ्या रेशमाचं अस्तर

कानाझावात म्हणतात, शिदोरी विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका. तेइजी नाकाया छत्री विसरला नव्हता. वाऱ्याने तिच्या काड्या मोडल्या होत्या, एवढंच. गारठवणाऱ्या पावसातून धावत तो हामा मावशींच्या कापडदुकानात शिरला, आणि त्याच्या बाहीतून पाणी ठिबकलं... थेट रित्सुने चटईवर उलगडलेल्या रेशमावर.

"अहो, अहो!" तिने कापड मागे ओढलं.

"माफ करा! पाणीच आहे नुसतं..."

"रेशमाला पाण्याचाच डाग पडतो. आता हे तुम्हालाच घ्यावं लागणार."

त्याने खाली पाहिलं. फिकट गुलाबी कापड, त्यावर फुलपाखरं. "घेतो की. पण... मला काळं हवं होतं."

रित्सुला हसू आवरेना.

मावशींच्या हाताखाली ती सात वर्षं किमोनो शिवत होती. गिऱ्हाइकाच्या खांद्यावर कापड टाकलं की त्याचा रंग उजळतो की विझतो, हे तिला लगेच कळायचं. तिने दोन काळे तागे काढले आणि त्याच्या दोन्ही खांद्यांवर एकेक सोडला.

"हा लाल रंगावर चढवलेला काळा. आणि हा निळ्यावरचा. तुम्हाला निळ्यावरचाच शोभतो."

"मला तर दोन्ही काळेच दिसतात."

"मान सरळ ठेवा. आरशात बघा, माझ्याकडे नको."

"उजेड कमी आहे," तो म्हणाला. "ऊन पडलं की पुन्हा येऊन बघतो."

"नोव्हेंबरात? कानाझावात?"

ऊन पडलं नाही. तो मात्र आला. एकदा नव्हे, चारदा. तो शाळामास्तर होता; बाहीला खडूची भुकटी असायची. ती झटकताना रित्सुचा हात हळूहळू जास्त वेळ रेंगाळू लागला.

"काळ्यातला काळा निवडायला चार फेऱ्या!" हामा मावशी आतून ओरडल्या. "रंगीत हवं असतं, तर या माणसाने इथेच बिऱ्हाड थाटलं असतं!"

असा काळा पोशाख समारंभालाच घालतात; पण कोणत्या समारंभासाठी, हे रित्सुने विचारलं नव्हतं. विचारायची भीती वाटत होती, हे तिला फार उशिरा कळलं.

पाचव्या खेपेला निळ्यावरचा काळा ठरला. कात्री हाती घेण्याआधी तिने कापडावरचे पांढरे गोल दाखवले. "इथे घराण्याचं चिन्ह रंगवायचं. तुमचं कुठलं?"

त्याने एका गोलावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "सारस."

"नाकायांचं सारस?"

"आमचं फुजी वेलीच्या फुलांचं. सारस... नोतो भागातल्या एका घराचं. त्यांना एकच मुलगी आहे. मी घरजावई म्हणून जातोय. नावही त्यांचंच लावायचं. बाबांनी जाण्याआधी शब्द दिला होता."

बाहेर पाऊस वाजत होता. रित्सुने कापडाची एक सुरकुती सरळ केली. ती सुरकुती नव्हतीच.

"कशी आहे ती?"

"एकदाच पाहिली. चहा देताना तिचा हात थरथरत होता." तो पुढे सरकला. "रित्सुसान, कापड अजून कापलेलं नाही. तुम्ही नाही म्हणालात, तर मी जाणार नाही."

तिला वाटलं, म्हणावं. एकच तर शब्द... पण तो शब्द त्याने तिच्या तोंडून मागितला होता.

"तिकडे नकार सांगून मग इथे यायचं होतं," ती हळूच म्हणाली. "ते न सांगता मला विचारताय. म्हणजे तिचा हात मी झिडकारायचा, आणि तुम्ही नुसते उभे राहणार?"

त्याने नजर कापडाकडे वळवली. ती थांबली... बराच वेळ थांबली. मग तिने कात्री उचलली आणि सरळ रेषेत कापड कापलं.

किमोनोवर घालायच्या आखूड अंगरख्याचं अस्तर कुणाला दिसत नाही. त्याचं काम तिने आठ दिवस एकटीनेच केलं. तेइजी न्यायला आला, तेव्हा तिने अंगरखा उलटा करून दाखवला. आत, पाठीवर, फुजीचे जांभळे घोस लोंबत होते.

त्याने बोटं फिरवली. "हे... कुणी पाहिलं तर?"

"घडी घालणारी पाहील. तिला खरं सांगा. माझ्या बाबांच्या घराची फुलं आहेत म्हणा."

"आणि कुणी काढली म्हणून विचारलं तर?"

"दुकानातल्या बाईने," रित्सु म्हणाली. तिचा आवाज तेवढ्यापुरता नीट राहिला.

गिऱ्हाईक कोपऱ्यावर वळेपर्यंत दारात वाकून उभं राहायची या दुकानाची रीत. रित्सु वाकली. पावलं थोडी गेली, थांबली. वाटलं, परत येताहेत... नाही आली. पावलं तिथेच थांबून राहिली. आणि तिने मान वर केली नाही.