डबल बेल

माझ्या गाडीला अजून दोरीची बेल आहे. नव्या गाड्यांत बटणं आली, पण आमची गाडी जुनी, तिला कोण विचारतो. मागच्या दारापासून एक बारीक दोरी छताखालच्या कड्यांमधून पुढे येते आणि माझ्या डोक्यावरच्या पितळी घंटीला बांधलेली असते. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. चोवीस वर्षं मी या टोल्यांवर गाडी चालवते आहे. बेल का मारली हे ड्रायव्हरने विचारायचं नसतं. मागचं सगळं कंडक्टरचं, पुढचं सगळं माझं. आता तर स्वयंपाकघरात कोणी ताटावर चमचा आपटला तरी माझा उजवा पाय हलतो. नवरा हसतो. हसू दे.

माझ्या कंडक्टरला सगळा डेपो रेडिओ म्हणतो. पंधरा वर्षं आम्ही एका गाडीवर आहोत आणि पंधरा वर्षांत तो गप्प बसलेला मी एकदाच पाहिला. त्या दिवसाबद्दलच सांगते आहे. आधीच सांगून ठेवते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. ब्रेक, टायर आणि डिझेल यांच्यावर आहे.

ऐन हिवाळ्यात तीन दिवस वादळ थैमान घालत होतं. थंडी अशी की बोटं वळेनात, आणि वर धो धो पाऊस. आगगाड्या बंद, अर्ध्या गावात वीज नाही, डेपोच्या अंगणात घोटाभर पाणी. सगळ्या फेऱ्या रद्द होत्या आणि आम्ही नुसते चहा ढोसत बसलो होतो. सव्वाआठला धाकट्या बहिणीचा फोन आला. तिला आधी बोलताच येईना.

तिची मुलगी, माझी भाची, एकोणीस वर्षांची. दोन्ही मूत्रपिंडं निकामी. आठवड्यातून तीनदा रक्त धुवून घ्यायचं, असं दोन वर्षं चाललेलं. दोन वर्षं तिचं नाव यादीत होतं आणि त्या सकाळी मोठ्या शहरातल्या इस्पितळातून निरोप आला होता की मूत्रपिंड मिळतंय, जुळतंय, पण दोनच्या आत हजर व्हा. नाही आलात तर यादीतल्या पुढच्या माणसाला. अँब्युलन्स नदीपलीकडे अडकलेली. भाडोत्री गाडीवाल्यांनी हात वर केले होते.

अंतर साठ किलोमीटर. एरवी दीड तास लागतो.

मी डेपो मॅनेजरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. ते नियमाचे पक्के, हातरुमालसुद्धा घडीवर घडी घालून ठेवणारे. त्यांनी माझं ऐकून घेतलं, खिडकीतून पावसाकडे पाहिलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘रस्ता पाहणीसाठी एक फेरी’. मला म्हणाले, पाहणी नीट करा. त्या माणसाला मी चोवीस वर्षं मनात नावं ठेवली होती, ती सगळी तिथेच परत घेतली.

साडेनवाला निघालो. मागे तीन नंबरच्या सीटवर भाची, अंगावर दोन ब्लँकेटं, शेजारी बहीण फाइल पोटाशी धरून. रेडिओला मी येऊ नकोस म्हटलं होतं. त्याने ते ऐकलंच नाही. वाटभर तो भाचीला त्याच्या सासऱ्याचे किस्से सांगत होता आणि ती पोरगी हसत होती. सुजलेला चेहरा, पांढरे ओठ, आणि हसत होती. मला समोरचा रस्ता धूसर दिसायला लागला, तो काही सगळाच पावसामुळे नाही.

काचा आतून धुरकटत होत्या. एका हाताने फडकं, एका हाताने स्टिअरिंग. दोन्हीकडची शेतं पाण्याखाली गेलेली, रस्ता कुठे संपतो ते फक्त कडेच्या पांढऱ्या दगडांवरून कळायचं. जिथे रस्त्यावरून पाणी वाहत असतं तिथे आमची एक पद्धत आहे. गाडी थांबवायची, कंडक्टरने काठी घेऊन उतरायचं, पुढे चालत जायचं, काठीने तळ चाचपायचा, परत यायचं, मागच्या दाराने चढायचं आणि डबल बेल द्यायची. ड्रायव्हरने मागे बघायचं नाही, बेल मिळाली की गाडी काढायची. असं आम्ही तीन ठिकाणी केलं.

पावणेअकराला ओढ्यावरच्या मोठ्या मोरीशी आलो. पाणी गढूळ, पण जेमतेम गुडघ्याएवढं. रेडिओ पलीकडच्या दगडापर्यंत जाऊन आला, थंडीने दात वाजत होते. मागच्या दाराने चढला. डबल बेल आली. मी क्लच सोडला.

लगेच एक टोला वाजला.

पायाने आपणहून ब्रेक दाबला. गाडी गचकन थांबली, बहीण पुढच्या सीटवर आपटली. मी भडकले. एकदा चला, एकदा थांबा, खेळ मांडलायस का, असं बरंच काही म्हणाले. रेडिओ म्हणाला त्याने डबल दिली, बस. त्यानंतर दोरीला हात लावला नाही. मी म्हटलं मग मी लावला का? आमचं हे चाललेलं असताना समोर काहीतरी ढासळल्याचा आवाज झाला. फार मोठा नाही, पोतं पडावं तेवढा. पाण्यावर एक भोवरा फिरला आणि ज्या पांढऱ्या दगडापर्यंत रेडिओ चालत गेला होता तो दगड आडवा झाला आणि दिसेनासा झाला. त्याच्यामागून रस्त्याचा एक मोठा तुकडा गेला.

आमची पुढची चाकं काठापासून तीन हातांवर होती.

मी गाडी मागे घेतली. बहिणीने विचारलं, ताई, बेल कोणी मारली? मी म्हटलं दोरी जुनी आहे, अडकली असेल. खोटं बोलले. अडकलेली दोरी वाजत नाही.

तिथून फाटा दोन किलोमीटर मागे. फाट्यावर दोन वाटा. एक खालची, आगगाडीच्या पुलाखालून जाणारी, आणि एक वरची, दगडाच्या खाणीवरून. मॅनेजरांना फोन लावला. त्यांनी चौकशी करून सांगितलं, खालून जा, तासापूर्वी दूधगाडी गेली आहे. खाणीवर दरड आली आहे, तिकडे फिरकू नका. फोन कट झाला आणि नंतर लागलाच नाही. सव्वाअकरा झाले होते.

मी खालच्या वाटेला वळवलं. एक टोला.

आरशात पाहिलं. रेडिओ मागच्या दाराशी दोन्ही हात वर करून उभा होता, शरण आल्यासारखा. दोरी त्याच्या बोटांपासून हातभर लांब होती आणि अजून हलत होती.

मी पुन्हा गिअर टाकला. पुन्हा एक टोला. आता दोरी ताणली जाताना मी पाहिली. मधोमध खाली आली, जशी कोणी मुठीत धरून ओढल्यावर येते, आणि सुटली.

माणूस अशा वेळी देवाचं नाव घेतो म्हणे. मी दोरी कुठे अडकते आहे का ते पाहिलं, छताखालची कडी आठवली, वाऱ्याला दोष देऊन पाहिला. खिडक्या सगळ्या बंद होत्या. मागून भाची म्हणाली, अगदी साध्या आवाजात, “मावशी, वरून जाऊन बघ ना.”

मी गाडी मागे घेतली, तोंड खाणीच्या रस्त्याकडे केलं.

दोन टोले.

इथे मला ठरवायचं होतं. एकीकडे मॅनेजरांचा शब्द, शहाण्या माणसाचा, चौकशी करून दिलेला. दुसरीकडे एक दोरी. चुकले असते तर ती पोरगी माझ्या हाताने गेली असती, आणि बहिणीला तोंड कसं दाखवलं असतं? पण खरं सांगू, मी ठरवलं वगैरे काही नाही. चोवीस वर्षांचा पाय होता तो. डबल बेल मिळाली, त्याने गाडी काढली.

रेडिओ पुढे येऊन माझ्या सीटमागे उभा राहिला. दोन्ही हातांनी दांडा धरला, मला दिसतील असे. बोलत काही नव्हता. खाणीचा रस्ता म्हणजे एका बाजूला कापलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला खोल खड्डा, पाण्याने भरलेला. ढग इतके खाली उतरले होते की वायपरच्या पुढे काही दिसेना. दगडी भुकटी आणि पाणी मिळून चाकांखाली नुसता राडा.

एक टोला. थांबले.

समोर डोंगरावरून टेबलाएवढा दगड आला, रस्त्यावर आपटला, खड्ड्यात गेला. त्यामागून माती.

थांबून राहिले. घड्याळात पावणेएक. बहीण हुंदके दाबत होती.

दोन टोले. निघाले.

दरडीशी आलो. रस्ता अडलेला होता, पण डोंगराच्या अंगाने गाडीच्या रुंदीची जागा होती. नुकतीच वाहून मोकळी झालेली. एक टोला, थांबले. दोन, हलले. एक. दोन. बोटाबोटाने.

आरसा खडकाला घासून तुटला.

आणि आम्ही पलीकडे होतो.

उतरणीला लागल्यावर रेडिओ मटकन खाली बसला. मी त्याला म्हटलं, बोल काहीतरी. तो म्हणाला, “काय बोलू, बाई.”

पावणेदोनला इस्पितळाच्या फाटकात गाडी लावली. चाकाची खुर्ची घेऊन लोक धावत आले, भाचीला उतरवलं, बहीण तिच्यामागे गेली. मी इंजिन बंद करून खाली उतरले. रेडिओही उतरला. आम्ही दोघं पावसात उभे होतो, गाडी रिकामी, दारं उघडी.

आत बेल वाजली. दोनदा.

नंतर कधीच तशी वाजली नाही.

संध्याकाळी सातला डॉक्टर बाहेर आले. मास्क हनुवटीवर ओढून म्हणाले, मूत्रपिंड टेबलावरच कामाला लागलं, इतकं छान क्वचित होतं. बहीण तिथे जमिनीवरच बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मी तिला रडू दिलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती आनंदाने रडत होती. माझ्याही जिवात जीव आला आणि मग चहा घ्यायला कॉरिडॉरच्या टोकाला गेले.

तिथल्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. हातात लोकरीची टोपी, मांडीवर कपड्यांची पिशवी. त्यांनी माझा कप धरला आणि मला बसायला जागा केली. शिंपी होते, बोटांवर सुईच्या खुणा होत्या. मुलीला न्यायला आलोय म्हणाले, कागद व्हायचे आहेत. मी विचारलं बरी आहे का. त्यांनी नकारार्थी मान हलवली. परवा वादळात तिच्यावर झाड पडलं होतं. मेंदू गेला, असं डॉक्टरांनी काल सांगितलं. हृदय यंत्रावर चालू होतं. पहाटे त्यांनी सही केली, जे कोणाच्या कामी येईल ते द्या म्हणून.

मी कप खाली ठेवला. असल्या वेळी कोणाचं काय कोणाला गेलं हे सांगायचं नसतं, बहिणीकडून तशी सही घेतली होती.

ते बोलतच राहिले. माझ्याशी असं नाही, कोणीही चाललं असतं. अकराच्या सुमाराला तिचा उजवा हात हलायला लागला. हे धावत डॉक्टरांकडे गेले, सही मागे घेतो म्हणाले. डॉक्टरांनी पुन्हा सगळं तपासून समजावलं, हे पाठीच्या कण्यातून येतं, तिला काही कळत नाही. नर्सने हात पांघरुणात घातला. तिने परत बाहेर काढला. मूठ वळायची आणि खाली ओढायची.

त्यांनी स्वतःचा हात वर केला आणि मला दाखवलं. एकदा. मग थोडं थांबून, दोनदा.

“तीन तास चाललं होतं,” ते म्हणाले. “पावणेदोनला शेवटचं. दोनदा. मग शांत झाली, आणि तिला आत नेलं. मी घाई केली का हो?”

मी म्हटलं, मी बस चालवते. आमच्याकडे दोनदा ओढलं की त्याचा अर्थ चला.

“आणि एकदा?”

“थांबा.”

त्यांचा चेहरा पडला. हातातली टोपी त्यांनी पिळून काढल्यासारखी आवळली. मग हळूच म्हणाले, एकदा तर तिने किती वेळा ओढलं.

“ते तुम्हाला नव्हतं,” मी म्हणाले. “ते आम्हाला होतं.”

त्यांनी माझ्या युनिफॉर्मकडे पाहिलं, खाणीच्या पांढऱ्या चिखलाने माखलेल्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाले, “सगळे नीट पोचलात ना?”

“सगळे पोचलो.”

“मग झालं,” ते म्हणाले आणि पिशवी उचलून उभे राहिले. “तिच्या तळहातावर वळ उठलाय, दोरी घासल्यासारखा. तो कसला, हे आता डॉक्टरांना विचारत नाही.”